लखनभैया खटला आणि त्या शनिवारच्या तारा

मुंबई उच्च न्यायालयाने 19 मार्च 2024 ला लखनभैया प्रकरणातल्या अपिलांवर निकाल दिला, तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा हे एकच नाव होतं. 'एन्काउंटर स्पेशालिस्ट'ला जन्मठेप म्हटल्यावर दुसरं कोण कशाला काय दाखवेल? मी आपली बातम्यांमध्ये तारांचा, म्हणजे टेलिग्रामचा, उल्लेख हुडकत बसले होते. नोकरीची सगळी वर्षं तारऑफिसच्या बुकिंग खिडकीवर काढलेल्या बाईचं लक्ष दुसरीकडे कुठे जाणार?

प्रकरण थोडक्यात सांगते. 11 नोव्हेंबर 2006, शनिवार. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याचा मित्र अनिल भेडा या दोघांना भर दिवसा वाशीतून गाडीत घालून नेलं. त्याच रात्री आठच्या सुमारास वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ लखनभैया पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. पोलिसांचं म्हणणं नेहमीचंच होतं. तो तिथे येणार अशी खबर होती, शरण ये म्हटलं तर त्याने गोळी झाडली, मग आम्ही स्वसंरक्षणार्थ झाडल्या.

पण त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचं कळताच त्याने पोलीस आयुक्तांना आणि इतर वरिष्ठांना तारा केल्या, फॅक्स पाठवले. भावाला पळवून नेलंय, खोट्या चकमकीत मारतील अशी भीती आहे, असा मजकूर. हे सगळं चकमकीच्या आधी. शनिवारी दुपारनंतर कोर्ट बंद, फोनवर कोण दाद देणार? हातात उरतं ते तारऑफिस.

अशा तारा आमच्याकडे नेहमी यायच्या. आम्ही त्यांना 'वकिलाच्या तारा' म्हणायचो. अशिलाला अमुक ठाण्यात बसवून ठेवलंय, चोवीस तास उलटले, मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलेलं नाही. वकिलाचा कारकून घाईघाईने यायचा, खिडकीवरच्या दोरीला बांधलेल्या पेनाने फॉर्म भरायचा, ते पेन बहुधा उमटायचं नाही. मी शब्द मोजायचे, पैसे घ्यायचे, पावती फाडून वेळ टाकायचे. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता फॉर्मच्या तळाशी असे, तो भाग तारेत जात नसे. कारकुनाचा सगळा जीव त्या वेळेत अडकलेला असायचा. "मॅडम, टाइम नीट दिसतोय ना?" असं विचारून तो पावती उजेडात धरून बघायचा. आम्हाला तेव्हा त्याचं हसू यायचं.

पुरावा कायद्यात तारेसाठी वेगळं कलम होतं, 88 वं. ऑफिसात दिलेला मजकूरच पत्त्यावर पोहोचला असं कोर्ट गृहीत धरू शकत असे, मात्र तो दिला कोणी, हे वेगळं सिद्ध करावं लागे. इथे पाठवणारा स्वतः वकील आणि मयताचा सख्खा भाऊ. संध्याकाळच्या आत केलेली तक्रार रात्रीच्या घटनेनंतर रचली, असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

तरीही गुन्हा नोंदवून घ्यायलाच वर्षं गेली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, 2009 मध्ये ती पोलिसांच्या विरोधात गेली, मग विशेष तपास पथक नेमलं गेलं. सत्र न्यायालयाने 12 जुलै 2013 ला 21 जणांना जन्मठेप सुनावली, त्यात 13 पोलीस. प्रदीप शर्मा सुटले. (त्याच आठवड्यात, 14 जुलैला, देशातली तारसेवा बंद झाली. आमच्या जुन्या मंडळींनी त्या दिवशी एकमेकांना तारा केल्या. माझी अजून कपाटात आहे.)

मग अपिलं. शिक्षा झालेल्यांची वेगळी, आणि शर्मांच्या सुटकेविरुद्ध सरकारची व भावाची वेगळी. निर्दोष सुटलेल्याला अपिलात दोषी ठरवणं सोपं नसतं. पुराव्यावरून दोन मतं निघू शकत असतील तर वरचं कोर्ट सहसा हात घालत नाही. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने तरीही ती सुटका टिकणारी नाही असं ठरवलं आणि शर्मांना जन्मठेप दिली. बारा पोलीस आणि एक खाजगी इसम यांची शिक्षा कायम केली, सहा जणांना सोडलं. दोघे अपील चालू असतानाच वारले होते. मला विचाराल तर सहा जण सुटले, हीसुद्धा या निकालाची जमेची बाजू. सरसकट सगळ्यांना एका माळेत ओवलं असतं, तर माझा भरवसा कमी झाला असता.

माझा भाचा म्हणाला, "मावशी, लखनभैया काय साधुसंत होता का?" नव्हता. त्याच्यावर गुन्हे होते. "अरे, मग कोर्टात न्यायचं ना त्याला," म्हटलं. "वाशीहून वर्सोव्याला न्यायला गाडी होती, तर कोर्टापर्यंत जायला डिझेल संपलं होतं का?" भाचा जेवायला बसला.

मला जास्त छळतं ते अनिल भेडाचं. लखनभैयाबरोबर उचललेला तो एकमेव साक्षीदार. त्याला मारलं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस घरीही जाऊ दिलं नाही, अंधेरीच्या एका हॉटेलात पोलिसांच्या पहाऱ्यात ठेवलं. मार्च 2011 मध्ये, कोर्टात साक्ष द्यायच्या तीन-चार दिवस आधी तो गायब झाला. मनोरजवळ जळालेला मृतदेह सापडला, ओळख पटवायला डीएनए लागला. त्याच्या खुन्यांचा छडा लागला नाही याबद्दल खंडपीठानेही निकालात खंत नोंदवली आहे. त्याने आधी दिलेले जबाब होते, पण साक्षीच्या पिंजऱ्यात तो कधी उभा राहिला नाही.

शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे त्यांना आधी शरण येण्यापासून सवलत आणि मग जामीन मिळाला. तो त्यांचा हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती 2015 च्या डिसेंबरातल्या सरकारी आदेशाबद्दल. जन्मठेप झालेल्या 11 पोलिसांची शिक्षा गृहखात्याने परस्पर सहा महिने स्थगित केली होती. कोर्टाने तो आदेश पुढे रद्द केला, पण तिथवरही लखनभैयाच्या भावालाच धावावं लागलं.