बसऱ्याची उलटी नदी

"पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला होते म्हणता, पण पुरावा काय?" हे मला हमखास विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या घरीही बहुधा असाच एखादा पणजोबा असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: त्यांच्या नावाचा कागद एकही नाही. पदक आहे.

जुन्या रुपयाहून जरा मोठं, चांदीचं. एकीकडे पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार आणि १९१४–१९१८. आत्याने दर दसऱ्याला रांगोळीने घासून घासून राजाचं नाक सपाट केलंय. पण खरी माहिती असते कडेवर. उजेडात तिरकं धरलं की बारीक अक्षरं दिसतात: नंबर, शिपाई, साहेबाच्या कारकुनाने मोडतोड केलेलं नाव, आणि पलटण, ११४ मराठाज. (भावकीतल्या एका घरी पदकाचे बारशाला वाळे केले. त्यांचा माग तिथेच संपला.)

पलटण कळली की वाट सापडते. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, पलटणींच्या रोजनिशा आहेत. घरबसल्या मिळतात. रात्री जागून वाचल्या. गोरा साहेब आजारी पडला तर नावानिशी नोंद. शिपाई मेला तरी आकडा. ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपता संपता, ही पलटण इराकमधल्याच शरकतला लढली. पणजोबा त्या आकड्यांत कुठेतरी असणार.

मेलेल्यांचीही तीच गत. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांची नुसती संख्या. पुढे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या याद्यांत नावं आली, पण ती मेलेल्यांची. धडधाकट घरी आलेल्याला कोण लिहून ठेवतो?

पणजोबा स्वतः लढाईबद्दल फारसं बोलत नसत म्हणे. सांगायचे ते एकच: "तिथली नदी दिवसातून दोनदा उलटी फिरते, खजुराच्या बागा आपसूक भिजवून जाते." मोट ओढण्यात जन्म गेलेल्या कृष्णाकाठच्या गावाने हे कसं मानावं? आमच्याकडे अजूनही कोणी थापा मारायला लागलं की म्हणतात, "आली बसऱ्याची नदी!"

रोजनिशा संपल्यावर मी बसऱ्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले, त्यात हे सापडलं. शत्-अल-अरब नदीत समुद्राची भरती बसऱ्यापर्यंत चढते. फुगलेलं पाणी पाटांतून खजुराच्या बागांत शिरतं, ओहोटीला परत जातं. दिवसातून दोनदा. कोकणातल्या कुणापाशी बोलले असते पणजोबा, तर त्याने नुसती मान डोलावली असती.

त्याच रात्री आत्याला फोन केला. ऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, दोनदा ओरडून सांगावं लागलं. सगळं ऐकून म्हणाली, "मग? आज्जा काय खोटं बोलत व्हता व्हय?"

आयुष्यभर सगळ्यांत जास्त हसली होती ती तीच.