फोंड्याच्या पावसात कोणता ऊलाँग प्यावा?

तैपेईहून सुट्टीवर घरी यायचे ठरले की फोंड्याहून वहिनीचा निरोप ठरलेला असतो: "भावजी, मागच्या वेळचा तो फुलांच्या वासाचा चहा माझ्यासाठी आणा, पण बाबांना तो चालत नाही, त्यांच्यासाठी दुसरा बघा." ऊलाँग म्हणून मागितलेले दोन चहा एकमेकांपासून इतके वेगळे असू शकतात, याचे आमच्या घरी सुरुवातीला फार नवल वाटले होते.

ग्रीन टीच्या पानांचे ऑक्सिडीकरण जवळजवळ होऊच देत नाहीत आणि आपल्या रोजच्या चहाचे ते पूर्ण होऊ देतात. ऊलाँग या दोहोंच्या मधला आहे. त्याची पाने आधी उन्हात मऊ करतात, मग सावलीत पुन्हा पुन्हा घोळवून त्यांच्या कडा मुद्दाम दुखावतात आणि त्या कडा तांबूस होऊ लागल्या की कारागीर हव्या त्या टप्प्यावर उष्णता देऊन ती क्रिया थांबवतो. लवकर थांबवली तर फुलांचा गंध राहतो, उशिरा थांबवली तर पिकलेल्या फळाची आणि मधाची चव उतरते, आणि त्यावर भट्टीची भाजणी चढवली की चहाचा स्वभावच बदलतो.

पहिल्या वर्षी मी एक बाळबोध चूक केली. तैवानमध्ये पाकिटावर 'वसंताचा चहा', 'हिवाळी चहा' असे लिहिलेले असते, म्हणून जानेवारीच्या रिमझिमीत मी डोंगराळ भागातला हिवाळी ऊलाँग विकत घेतला आणि तो प्यायल्यावरही गारठलेलाच राहिलो. तो ऋतू पाने खुडण्याचा असतो, पिण्याचा नव्हे. थंडीत पान सावकाश वाढते, त्यामुळे त्या चहात कडूपणा कमी आणि सुगंध स्वच्छ असतो. असा हलका, हिरवट चहा खरे तर उकाड्यात अधिक सुखावतो. तैपेईच्या दक्षिणेला माओकोंगच्या डोंगरावर एका चहावाल्या आजीबाईंनी माझी तक्रार ऐकून मुचा भागातला खरपूस भाजलेला थिएग्वानयिन पुढे केला, तेव्हा कुठे अंगात ऊब आली.

गोव्याच्या हवेला हा हिशेब लावताना मी थंडीपेक्षा दमटपणाचा विचार आधी करतो. एप्रिल-मे महिन्यांत वहिनीचा लाडका चहा म्हणजे तैपेईजवळच्या पिंगलिनचा बाओचोंग. त्याची पाने गोळ्यांसारखी वळलेली नसतात, लांबट पिळलेली असतात आणि त्याचा वास ऐन बहरातल्या सुरंगीच्या वळेसराची आठवण करून देतो. एक लिटर गार पाण्यात सात-आठ ग्रॅम पाने घालून बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. गार पाण्यात तुरटपणा फारसा उतरत नाही, त्यामुळे साखरेची गरज भासत नाही. आमच्या फ्रिजमध्ये ही बाटली सोलकढीच्या शेजारी असते आणि पाहुणे हमखास चुकीची उचलतात.

पावसाळ्यात मात्र असला चहा आणण्यात अर्थ नाही, कारण डबा दोनदा उघडला की त्याचा गंध उडालाच म्हणून समजा. त्या दिवसांत भाजका थिएग्वानयिन किंवा नानतौचा पारंपरिक भाजणीचा दोंगदिंग जास्त टिकतो. दीडशे मिलिलिटरच्या किटलीला पाच-सहा ग्रॅम पाने, उकळते पाणी आणि सुमारे एक मिनिट एवढे पुरते. तीच पाने आणखी चार-पाच वेळा वापरता येतात, हे वहिनीला पटायला वेळ लागला. आयुष्यभर दुधाचा चहा घेतलेल्या बाबांना थिएग्वानयिनचा वास काजूच्या भाजलेल्या बियांसारखा वाटतो. ते सोबत माडाच्या गुळाचा खडा चघळतात आणि मी त्यावरून त्यांच्याशी वाद घालत नाही.

आईची आवड निराळी आणि खिशाला जड. तिला सिंचू भागातला 'दोंगफांग मेइरेन', म्हणजे 'पूर्वेची सुंदरी', हवा असतो. उन्हाळ्यात या झाडांच्या कोवळ्या पानांतला रस तुडतुडे शोषतात, त्याला प्रत्युत्तर म्हणून झाड जी सुगंधी द्रव्ये तयार करते त्यांतून चहाला मधाचा वास येतो, आणि म्हणूनच तिथे कीटकनाशक मारून चालत नाही. आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांना शिव्या देण्यात आईचे आयुष्य गेले, त्यामुळे ही हकिकत तिला अजूनही थापच वाटते. तो चहा ती चतुर्थीची गडबड सरल्यावर, उकळून थोड्या निवलेल्या पाण्यात करते.

दुधाचा मोह न सुटणाऱ्यांसाठी चिनश्वान नावाच्या वाणाचा चहा आहे. त्यात दूध नसते, पण चव लोण्यासारखी लागते. मात्र कोरड्या पानांनाच मिठाईसारखा भपकारा येत असेल तर तो वरून दिलेला वास समजावा.

पाकिटे शक्यतो हवा काढून बंद केलेली आणि लहान घ्यावीत. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या हलगर्जीपणाने दोंगदिंगचा डबा सादळला. तैवानमध्ये असा चहा पुन्हा भाजतात, म्हणून आम्ही तो लोखंडी तव्यावर मंद आचेवर घेतला, आणि बाबा काजूबिया भाजताना करतात तशीच देखरेख करत बाजूला उभे राहिले. अर्धा चहा झकास जमला. उरलेला अर्धा वीज गेल्याच्या गोंधळात जळला, तो आईने अबोलीच्या कुंडीत टाकला.