तुम्ही विचारलंत म्हणून: लिस्बनला आत्ता किती वाजले?

भाऊ लिस्बनला, भाची इंग्लंडमधल्या स्विंडनला, जावई कुवेतला, अशी गोव्यातल्या पुष्कळ घरांची स्थिती असल्यामुळे मला हा प्रश्न वारंवार विचारला जातो: तिथे आत्ता किती वाजले असतील, आणि हा हिशेब पाठ कसा करावा? माझे उत्तर असे की तासांचा फरक पाठ करूच नये. शहर आणि तारीख पाहावी, कारण बऱ्याच देशांत हा फरक वर्षातून दोनदा बदलतो.

आखातापुरता ठरलेला आकडा चालतो. कुवेत, कतार आणि सौदी अरेबिया आपल्या अडीच तास मागे, दुबई व मस्कत दीड तास मागे, आणि हे बाराही महिने तसेच. आखाताची सवय झालेल्या घरांना युरोपचा हिशेब अवघड वाटतो तो यामुळेच. पोर्तुगाल आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. म्हणून लिस्बन आणि लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतात, तर उन्हाळ्यात साडेचार. आपली दिवाळी कधी या ऑक्टोबरच्या रविवारच्या आधी येते, कधी नंतर. २०२४ साली लक्ष्मीपूजन त्या रविवारनंतर आले आणि २०२५ साली आधी, त्यामुळे सकाळी साडेदहाला फोन केला असता लिस्बनला एका वर्षी पहाटेचे पाच वाजलेले असत आणि दुसऱ्या वर्षी सहा. अवेळी घरून फोन आला की परदेशातल्या माणसाच्या मनात पहिला विचार अशुभाचाच येतो; या एका तासाविषयी मी इतका आग्रही आहे तो त्यासाठी.

पोर्तुगालबद्दल जुन्या मंडळींचा आकडा वेगळा निघतो, आणि तोही त्या काळापुरता खरा होता. १९९२ ते १९९६ या काळात पोर्तुगालने मध्य युरोपाची वेळ स्वीकारली होती; तेव्हा हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीनच तासांचा फरक असे. वेळ शेवटी त्या त्या सरकारच्या निर्णयावर ठरते. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये घड्याळे पुढे करण्याचा दिवस सरकारने ऐनवेळी लांबणीवर टाकला, अनेकांनी तो निर्णय मानला नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालू होत्या.

हातात काट्यांचे घड्याळ असेल तर एक सुंदर सोय आहे. आपल्या वेळेवर लावलेले घड्याळ उलटे धरले, म्हणजे बारा खाली आणि सहा वर, की ग्रीनिचची वेळ दिसते: आपल्याकडे दुपारचे तीन वाजले असता ते साडेनऊ दाखवते. तासकाटा अर्धा तास मागे असल्यासारखा दिसतो, तेवढे सांभाळून घ्यावे. हिवाळ्यात हीच लंडन-लिस्बनची वेळ. उन्हाळ्यात तीत एक तास मिळवावा.

एरवी मोबाइलच्या घड्याळात जागतिक वेळेच्या यादीत शहराचे नाव घालून ठेवणे सर्वांत खात्रीचे. शहराचेच, देशाचे नव्हे, कारण अझोरेस बेटे पोर्तुगालचीच असूनही लिस्बनच्या एक तास मागे आहेत, आणि ऑस्ट्रेलियात सिडनीची घड्याळे ऑक्टोबरमध्ये पुढे जातात, पर्थची जात नाहीत. फोनचे अपडेट मात्र टाळू नयेत. सरकारांनी बदललेले नियम त्यांतूनच फोनपर्यंत पोचतात. पुढच्या महिन्यातला फोन ठरवायचा असेल तर आजचा फरक न धरता त्या तारखेची वेळ शोधावी.

बोटीवर असलेल्यांच्या बाबतीत मात्र शहराचे नाव पुरत नाही. बोटीचे घड्याळ कप्तानाच्या आदेशाने पुढेमागे होते आणि ते बंदरावरच्या वेळेशी जुळेलच असे नाही. तेव्हा त्या आठवड्यातली बोटीची वेळ, आणि तिच्यासोबत पाळी कधी संपते हेही, बोटीवरच्या माणसालाच मेसेज करून विचारून घ्यावे.