राजा अम्पाट लॉग: प्रवाहाशी जुळवून घेताना

या वेळी इंडोनेशियातल्या राजा अम्पाट बेटांवर डायव्हिंगला जाताना डोक्यात एकच काम होतं: जोरदार प्रवाहात धडपड न करता डाइव्ह पूर्ण करायची. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणं, बऱ्यापैकी बसली आहे, पण शांत पाण्यात जमणारी बॉयन्सी प्रवाहात पार विस्कटते. ती पक्की करायला डँपियर सामुद्रधुनीसारखी शाळा नाही. वायगेओ आणि बटांटा या दोन बेटांमधल्या या पट्ट्यातून भरती-ओहोटीचं पाणी जोरात ये-जा करतं, आणि त्याच पाण्याबरोबर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, येतं. इथल्या मासळीचं सगळं गणित त्या प्लवकावर चालतं. 2012 मध्ये जेराल्ड ॲलन या मत्स्यशास्त्रज्ञाने केप क्री इथे एकाच डाइव्हमध्ये 374 जातींचे मासे मोजले, ते याच सामुद्रधुनीत.

प्रवासाबद्दल थोडक्यात: विमानाने सोराँग, तिथून फेरीने साधारण दोन तासांत वैसाई, आणि पुढे होमस्टेची बोट. मी क्री बेटावर पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहिले. पायऱ्या उतरलं की रीफ, म्हणजे पोवळ्यांचा खडक.

आता मुद्द्याचं. सगळ्यात मोठी प्रगती झाली ती माशांकडे बघून प्रवाह ओळखण्यात. मासे प्रवाहाकडे तोंड करून पोहतात, त्यामुळे पाण्यात उतरताच फ्युझिलियर या छोट्या माशांच्या थव्याची तोंडं कुठे आहेत ते आधी बघायचं. ते निवांत, विखुरलेले असतील तर पाणी मंद आहे. सगळे एका दिशेला तोंड करून शेपट्या भराभर हलवत एकाच जागी असतील तर प्रवाह तगडा आहे. केप क्रीला प्रवाह रीफच्या ज्या टोकावर आदळून दुभंगतो, तिथे सर्वांत जास्त गर्दी: बॅराकुडा, ट्रेव्हली, स्वीटलिप्स आणि अधूनमधून ग्रे रीफ शार्क. त्या टोकाच्या पुढे मात्र पाणी खाली ओढतं. आपले बुडबुडे वर जायच्या ऐवजी आडवे किंवा खाली जायला लागले की तो इशारा समजायचा आणि कोपऱ्याच्या अलीकडेच थांबायचं. मी आता दर मिनिटाला बुडबुडे तपासते, अगदी मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर बघावा तसं.

रीफ हूक, म्हणजे प्रवाहात एका जागी थांबण्यासाठीचा दोरीचा आकडा, ब्लू मॅजिकला वापरला. ब्लू मॅजिक हा पाण्याखालचा एक डोंगर आहे. हूक फक्त मेलेल्या खडकात अडकवायचा, जिवंत पोवळ्यात कधीच नाही, यावर माझा गाईड फार कडक होता आणि मला ते मनापासून आवडलं. हूक लागला की बीसीडीत (हवा भरता येणाऱ्या जॅकेटात) किंचित हवा घ्यायची, म्हणजे शरीर पतंगासारखं दोरीवर तरंगतं आणि पाय मोकळे सुटतात. पाय थांबले की श्वास आपोआप लांबतो.

त्याचा हिशोब करून बघा. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने हवा भरलेली असताना 50 बार राखीव ठेवले, तर वापरायला 1800 लिटर हवा मिळते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असेल तर 20 मीटरवर तिप्पट दाबामुळे 60 लिटर लागते, म्हणजे जेमतेम 30 मिनिटं. पृष्ठभागावरचा 20 लिटरचा आकडा 15 वर आणला तर 40 मिनिटं. फिन मारणं कमी केलं की हा फरक पडतो, आणि मला तो इथे स्पष्ट जाणवला. नायट्रॉक्स 32 (32 टक्के ऑक्सिजन असलेली हवा) घेतलं तर 20 मीटरवर नो-डेको वेळ, म्हणजे वर येताना मध्ये सक्तीने थांबावं न लागता खाली राहता येणारा वेळ, अडत नाही, हवाच आधी संपते.

मँटा सँडीला वाळूत पोवळ्याच्या तुकड्यांची रांग घालून डायव्हर्सची हद्द आखली आहे. तिच्यामागे वाळूलगत पडून राहायचं. समोरच्या क्लीनिंग स्टेशनवर, म्हणजे छोटे मासे मोठ्यांची सफाई करतात त्या जागी, एक रीफ मँटा (पंखांसारखे पर असलेला मोठा चपटा मासा) येऊन जवळजवळ थांबली. पोटावरचे ठिपके दिसत होते, प्रत्येक मँटाचे वेगळे असतात, त्यावरूनच तिची ओळख पटते. रास जातीचे छोटे मासे तिच्या कल्ल्यांच्या फटीत शिरत होते. एका बाजूचा पंख तिने अलगद उचलून धरला, तिथली सफाई झाली तेव्हाच खाली घेतला. मी हलले नाही. राजा अम्पाटने 2010 मध्ये शार्क आणि मँटांना संरक्षण जाहीर केलं, त्याचं मोल अशा वेळी कळतं.

बाकीच्या नोंदी: टेबल कोरलखाली (टेबलासारख्या सपाट पोवळ्याखाली) वॉबेगाँग शार्क, तोंडाभोवतीच्या झालरीमुळे दगडच वाटतो. रात्री उथळ पाण्यात परांवर चालणारा एपॉलेट शार्क. पिग्मी सीहॉर्स मात्र नीट न्याहाळता आला नाही, कारण तो ज्यावर राहतो त्या सी-फॅनसमोर (पंख्यासारख्या पोवळ्यासमोर) प्रवाहात स्थिर राहून मागे सरकायला बॅक किक लागते आणि ती माझी अजून कच्ची आहे.

पुढचं काम तेच. उधाणाच्या दिवसांपेक्षा भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेल्या दिवसांत सराव सोपा, त्यामुळे पुढच्या तारखा चंद्र बघून ठरवणार, ऑक्टोबर ते एप्रिलच्या दरम्यान. तेव्हा दक्षिणेकडे मिसूल बेटावरही जायचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेचा वारा तिकडचं पाणी खवळवतो. आणि शरीरात साठलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून परतीच्या विमानाआधी किमान 18 तास पाण्याबाहेर. इथून मदत लांब आहे, म्हणून मी पूर्ण दिवस ठेवते.