डाव्या पायाची चप्पल

मे २०२१. कोविडमधून उठून तीन आठवडे झाले होते. चप्पल लाईन, म्हणजे आमची कोल्हापुरातली चपलांच्या दुकानांची गल्ली, बंद, दुकानाला कुलूप, मी घरात. सकाळी दूध आणायला म्हणून चप्पल सरकवली, तर उजवी गेली आणि डावी आत जाईना. माझीच कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार, तेल पिऊन मऊ झालेली. आयुष्यभर लोकांच्या पायांची मापं बघतोय, पण स्वतःचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा झालाय हे कळायला चप्पल अडावी लागली.

पोटरी दोन दिवस दुखत होतीच. पेटका आलाय म्हणून बायकोनं खोबरेल कोमट करून चोळून दिलं. काउंटरला उभं राहून बावीस वर्षांत माझ्या पोटऱ्यांवर निळ्या दोऱ्यांचा गुंता झालाय, त्यामुळं कोण दचकणार? फोनवर विचारलं त्या डॉक्टरांनीही अशक्तपणा म्हणून बी-कॉम्प्लेक्स सांगितलं.

चप्पल अडली तेव्हा मेहुण्यानं गाडीवर घालून डॉपलरला, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीला नेलं. सोनोग्राफीच्या बाई जेली लावून यंत्र पायावर दाबायच्या, सोडायच्या. चांगली शीर दाबली की पडद्यावर चपटी होते, सोडली की परत उघडते. गुडघ्याच्या मागं आल्यावर शीर दबेचना. काळा गोल तसाच. बाईंनी पुन्हा दाबलं, मग म्हणाल्या, ‘गुठळी आहे. आता पाय अजिबात चोळायचा नाही.’ तुकडा सुटला तर थेट फुफ्फुसात जातो म्हणे. बायको तिथल्या बाकावर मटकन बसली.

नंतर डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. विषाणूमुळं रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं, रक्त गोठायला टपलेलं असतं. त्यात माणूस अंथरुणाला खिळलेला. पोटरीचा स्नायू म्हणजे रक्त वर ढकलणारा पंप, तोच बंद. आणि डावाच पाय का? तर पोटात उजव्या पायाकडं जाणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून जाते, ती शीर जरा दबलेलीच असते.

रक्त पातळ करायची गोळी रिव्हरोक्साबॅन. पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅमची दोनदा, मग २० ची एकदा, एकूण तीन महिने आणि तीही जेवणाबरोबरच. शेजारचे काका वॉरफरिन या तसल्याच दुसऱ्या गोळीवर आहेत, त्यांना मेथी-पालक मापात. मला तसलं पथ्य नव्हतं, पांढरा रस्सा सुरूच. फक्त गुडघा दुखला की घ्यायची ती ब्रुफेन बंद. दुकान उघडल्यावर एकदा चामडं कापायची रापी बोटाला लागली. एरवी चिंधी गुंडाळून पुढं कामाला लागतो. त्या दिवशी बोट दाबून बसलो तरी रक्त थांबता थांबेना.

खरा छळ पाय आवळून धरणाऱ्या मोज्यांचा. सकाळी पाय पलंगाखाली सोडायच्या आधीच चढवायचे, म्हणजे सूज उतरलेली असतानाच पकड बसते. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ओढले की सरकतात, हे मला बायकोनं शिकवलं. पण पंजा झाकणारा मोजा घातल्यावर अंगठ्याची चप्पल कशी घालणार? महिनाभर कोल्हापुरी विकणारा माणूस कॅनव्हासच्या बुटात. गिऱ्हाईकं हसायची. मग बोटं उघडी असलेला मोजा मिळाला.

गोळ्या ऑगस्टात बंद झाल्या. रक्त खाली परतू न देणाऱ्या शिरेच्या झडपा मात्र पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. ती कापशी मी गल्ल्याजवळ ठेवलीय. सकाळी डावी सहज जाते. संध्याकाळी सातनंतर पट्टा अडायला लागला की चपलांची दोन खोकी एकावर एक ठेवून पाय वर घेतो, गिऱ्हाईक समोर असलं तरी.