सिझेरियनच्या व्रणाजवळची टणक गाठ: चाकूआधी सुई

सिझेरियनला वर्ष-दोन वर्षं झालेली बाई बेंबीखाली हाताला लागणारी टणक गाठ घेऊन येते. दुखत नाही, फार तर वाकताना ओढ लागते. घरचे म्हणतात टाक्याची गाठ, दवाखान्यात शंका येते हर्नियाची, आणि लगेच छोट्या ऑपरेशनची तारीख मिळते. अशा गाठींपैकी मोजक्या डेस्मॉइड, म्हणजे तंतुमय पेशींच्या गाठी, निघतात, आणि त्यांच्यात ही घाई फार महागात पडते.

डेस्मॉइड दुर्मीळच. दहा लाख लोकांमागे वर्षाला दोन ते चार नवे रुग्ण, त्यात तरुण स्त्रिया जास्त. स्नायूच्या आवरणातल्या तंतुमय पेशींची ही वाढ फुप्फुसात किंवा यकृतात पसरत नाही. पण आजूबाजूच्या स्नायूत शिरते, आणि काढलेल्या जागी पुन्हा येऊ शकते. योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये ग्रीक ‘देस्मोस’, म्हणजे बंध, या शब्दावरून हे नाव दिलं. कापल्यावर आतला भाग पांढरा, चिवट आणि भोवऱ्यासारख्या रेषांचा दिसतो. नाव किती चपखल आहे ते तेव्हा कळतं.

आधी हातानं नीट तपासा. पेशंटला उताणं झोपवून बोटं गाठीवर ठेवा आणि हातांचा आधार न घेता मान-खांदे उचलायला सांगा. गाठ स्नायूत असेल तर ती जागच्या जागी घट्ट होते, हलेनाशी होते. कातडीखालची गाठ तशीच हलत राहते. पोटाच्या आतली असेल तर बोटांखालून हरवते. मग उभं करून खोकायला लावा. धक्का जाणवला तर हर्निया. आणि एक प्रश्न विसरू नका: पाळीच्या दिवसांत गाठ दुखते का, फुगते का? तसं असेल तर व्रणातला एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी तिथे रुजणं, आधी डोक्यात आणा. सिझेरियनच्या व्रणात तो डेस्मॉइडपेक्षा पुष्कळ जास्त सापडतो. मात्र पाळीशी संबंध नाही म्हणून तो नाहीच, असंही धरू नका.

आपल्याकडे गाठ दिसली की एफएनएसी, म्हणजे बारीक सुईनं पेशी ओढून तपासणी, करायची सवय आहे. इथे ती बहुतेक वेळा फसते. गाठीत पेशी कमी आणि कोलॅजनचे चिवट तंतू जास्त, त्यामुळे बारीक सुईत काही येतच नाही, आणि रिपोर्टमध्ये ‘नमुना अपुरा’ असं येतं. हवी ती कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईनं अख्खा तुकडा काढणं: सोनोग्राफीत बघत, १४ किंवा १६ गेजची सुई, निदान चार तुकडे. सुई अशा रेषेत घाला की पुढे ऑपरेशन लागलंच तर तो मार्ग गाठीबरोबर काढता येईल. तुकडे थेट फॉर्मेलिनमध्ये. फॉर्मवर फक्त ‘पोटाची गाठ’ लिहू नका. सिझेरियन कधी झालं, गाठ कोणत्या थरात आहे, वाढ किती वेगानं झाली, हे लिहिलं तर पॅथॉलॉजिस्टला दिशा मिळते. बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा रंग पेशीच्या केंद्रकात दिसला तर निदानाला बळ येतं, पण तो न दिसल्यानं डेस्मॉइड बाद होत नाही. शंका उरली तर ते प्रथिन बनवणाऱ्या सीटीएनएनबी१ या जनुकाची तपासणी करा. सुमारे ८५ ते ९० टक्के गाठींत त्यात बदल सापडतो. तिथे बदल नसेल तर एपीसी जनुकाचा विचार करून कोलोनोस्कोपी करा, कारण त्या जनुकातल्या बिघाडानं आतड्यात असंख्य पॉलिप (मांसल कोंब) होण्याच्या आनुवंशिक आजारातही डेस्मॉइड होतो.

निदान पक्कं झालं की पहिला उपचार बहुतेकदा थांबणं हाच. ही गोष्ट पेशंटच्या गळी उतरवायला सगळ्यात जड जाते, म्हणून तिला पुरेसा वेळ द्या. अनेक गाठी आपोआप स्थिरावतात, काही आकसतात. सोराफेनिब या कॅन्सरवरच्या गोळीच्या डेस्मॉइडवरील २०१८ मधल्या चाचणीत नुसत्या साखरेच्या गोळीवर असलेल्यांपैकीही २० टक्के जणांची गाठ बरीच लहान झाली होती. पहिला एमआरआय एक-दोन महिन्यांत, पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच मशीनवर. गाठ जिथे हाताला लागते तिथे कातडीवर व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवली की चित्रात जागा अचूक सापडते. एकाच एमआरआयमध्ये गाठ थोडी वाढली म्हणून उपचार सुरू करू नका. आणखी दोन तपासण्या, जमलं तर वर्षभर, बघा. वेदना असह्य झाल्या तर मात्र गणित बदलतं.

वाढत राहिली, तर पोटाची भिंत ही ऑपरेशनला त्यातल्या त्यात सोयीची जागा. स्नायू आणि त्याचं आवरण मिळून तुकडा निघतो, मोठी पोकळी उरते आणि जाळी बसवावी लागते. आतलं अस्तर उघडलं असेल तर साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी आतड्याला टेकू देऊ नका, ती चिकटते. अशा वेळी आतड्याच्या बाजूला न चिकटणारा थर असलेली जाळी वापरा, आणि कडेनं साधारण पाच सेंटिमीटर पुढे जाईल एवढी घ्या.

गोळ्यांमध्ये सोराफेनिब रोज ४०० मिलिग्रॅम, म्हणजे यकृताच्या कॅन्सरच्या निम्मा डोस. २०१२ मध्ये भारतानं पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवायची मुभा, याच औषधासाठी दिला, आणि कॅन्सरच्या पूर्ण डोसला लागणाऱ्या १२० गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. हातापायाचे तळवे सोलणं आणि रक्तदाब वाढणं, या दोन त्रासांवर पहिल्या आठवड्यापासून लक्ष ठेवा. डेस्मॉइडवरच्या निरोगासेस्टॅट या दुसऱ्या गोळीला अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते गाठ चांगली आटोक्यात ठेवतं, पण तरुण स्त्रियांत अंडाशयाचं काम बिघडवतं. मूल हवं असेल तर गोळी सुरू करण्याआधी बोला. डेस्मॉइड आहे म्हणून गरोदरपण वर्ज्य नाही. त्या काळात गाठ वाढू शकते, तपासण्या जवळजवळ ठेवाव्या लागतात, इतकंच.

आणि गाठ आधीच काढून झाली असेल, रिपोर्टमध्ये ‘कडेला पेशी आहेत’, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत गाठ पोचली आहे, असं आलं असेल, तर त्या एका ओळीवर दुसरं ऑपरेशन करू नका. ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) जपून ठेवायला सांगा, स्लाइड सॉफ्ट टिश्यूच्या, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांच्या गाठींच्या, जाणकार पॅथॉलॉजिस्टला दाखवा, आणि सूज उतरल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, एमआरआय करा.