राहीबाई पोपेरे: ऊसतोडीपासून बियाणे बँकेपर्यंत

राहीबाईंची गोष्ट बहुतेक वेळा दोन टोकांनीच सांगितली जाते. एका टोकाला गरिबी, दुसऱ्या टोकाला पद्मश्री. मधलं काम गाळलं जातं, आणि खरी शिकण्यासारखी गोष्ट तर तेच आहे.

अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे त्यांचं गाव. महादेव कोळी समाजात 1964 साली जन्म, शाळा नाहीच. कळसूबाईच्या परिसरात पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून तितक्याच वेगाने निघून जातो. घरच्या जमिनीत पावसाळ्यापुरतं पीक यायचं आणि उरलेले महिने कुटुंब साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायचं. अशा घरात पेरणीच्या तोंडावर दुकानातून बियाणं आणायचं म्हणजे उसनवारी आलीच. संकरित बियाणं पुढच्या हंगामाला धरता येत नाही. धरलंच तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, उतारा घटतो. म्हणून दरवर्षी पुन्हा दुकान, पुन्हा खत, पुन्हा फवारणी. विकतच्या, फवारलेल्या भाज्या खाऊन नातू सारखा आजारी पडू लागला, तिथून आपण गावठी बियाण्याकडे वळलो, असं त्या सांगतात.

ग्रामीण विकासाचं काम करणाऱ्या बायफ संस्थेच्या मदतीने त्यांनी पाणी आणि पडीक जमीन हाती घेतली. शेततळं केलं, जलकुंडं केली. जलकुंड म्हणजे आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला खड्डा. त्यात साठलेल्या काही हजार लिटर पाण्यावर परसबाग आणि रोपं उन्हाळ्यातही तग धरतात. मात्र तळातला एखादा टोकदार दगड कागद फाडतो आणि महिन्याभरात खड्डा कोरडा पडतो, म्हणून कागदाखाली चाळलेली माती किंवा गवताचा थर हवाच.

बियाणं राखणं हे त्याहून चिकाटीचं काम. वालाच्या किंवा घेवड्याच्या वेलावरच्या सगळ्या शेंगा तोडून खायच्या आणि शेवटी उरलेल्या किडक्या शेंगा बियाण्याला ठेवायच्या, ही नेहमीची चूक. चांगला वेल आधीच हेरून, खूण बांधून, त्याच्या भरदार शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या. भातात निसवण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या वेळी शेतात फिरून वेगळी दिसणारी, उंच किंवा लवकर निसवलेली झाडं उपटायची आणि बियाणं बांधाकडेचं न घेता मधल्या भागातलं घ्यायचं. दुधी, काकडी, दोडका यांचं परागीभवन कीटक करतात. त्यामुळे एकाच पिकाचे दोन वाण शेजारी लावले की बियाणं भेसळलंच समजा.

पुढचा शत्रू ओल. भाताच्या बियाण्यात 12 ते 13 टक्के, कडधान्यात 9 ते 10 टक्क्यांहून जास्त ओल राहिली की बुरशी आणि भुंगेरा ठरलेले. दाताखाली दाणा कट्कन तुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन हवं. मग चाळलेली, पूर्ण थंड झालेली राख आणि सुकलेला कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायचं आणि तोंड शेणमातीने लिंपायचं. पाला ओलसर राहिला तर तोच बियाणं नासवतो.

हे ज्ञान डोंगरातल्या अनेक आजीबाईंकडे होतं. राहीबाईंनी ते आपल्या घरातल्या मडक्यांपुरतं ठेवलं नाही, आणि त्यांचं पुढारपण मला तिथे दिसतं. बचत गटातल्या बायकांना जोडत, गावोगावचं बियाणं मागून आणत त्यांनी बियाणे बँक उभी केली आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समितीचं काम पुढे नेलं. व्यवहार सोपा: बियाणं घ्या, पीक आलं की दुप्पट परत करा. पैसे लागत नाहीत, त्यामुळे भूमिहीनाच्या परसातही वाण पोचतो. एकाच्या शेतात पीक बुडालं तरी तोच वाण दुसऱ्याकडे जिवंत असतो.

अशा बँकेत खरी अडचण परतीच्या बियाण्याची असते. कुणी भेसळीचं आणतं, कुणी ओलं. आलेलं बियाणं नीट निवडून, प्रत्येक वाण वेगळा ठेवून त्यावर नाव आणि वर्ष घातलं नाही, तर दोन हंगामांत बँकेची नुसती धान्याची कोठी होते. उगवण तपासायला ओल्या गोणपाटात 100 दाणे मोजून गुंडाळायचे आणि आठवड्याने कोंब मोजायचे. 80 निघाले तर ठीक. 60 असतील तर पेरताना प्रमाण वाढवावं लागतं. त्याहून कमी आले तर ते बियाणं कुणाला देऊ नये, कारण गरीब शेतकऱ्याचा हंगाम एकच असतो.

शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांनी राहीबाईंना बीजमाता म्हटलं. 2018 सालचा नारीशक्ती पुरस्कार आणि 2020 सालच्या यादीतली पद्मश्री त्यानंतरची. पुरस्कारामुळे बाहेरचे लोक कोंभाळण्याला येऊ लागले हे चांगलंच झालं. पण कुणाला आपल्या गावात असं काम सुरू करायचं असेल, तर परवानगीची वाट पाहायची गरज नाही. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 नुसार शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बियाणं राखायचा, पुन्हा पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा, विकायचाही हक्क आहे. अट एवढीच, की संरक्षित (या कायद्याखाली नोंदवलेल्या) वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.